चैत्रातल्या कोशिंबिरी : निवड, चिरणे आणि मिठाची वेळ

फाल्गुन सरत आला, मंडईत कैरीचे पहिले ढीग दिसू लागले आणि जेवताना हात आमटीभातापेक्षा पानाच्या डाव्या बाजूकडे अधिक वळू लागला, म्हणजे वाचकांकडून कोशिंबिरीविषयीच्या पृच्छांना प्रारंभ होतो. आणि त्या पृच्छांचे स्वरूप वर्षानुवर्षे इतके सारखे असते की, त्यांची उत्तरे एकदा रीतसर व एकत्र देऊन टाकणेच इष्ट. काकडीची कोशिंबीर वाढेपर्यंत तिच्यात पाण्याचे तळे का साचते, दही फाटल्यासारखे का दिसते, कैरी दात आंबवणारी निघाली तर काय करावे, मोड कच्चे खावेत की वाफवून, आणि हॉटेलात मिळणाऱ्या परदेशी पानांच्या सॅलडची हौस घरी कशी भागवावी, हे त्यांतील नित्याचे प्रश्न होत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण ते सर्वांत थोडक्यात देता येते. लेट्यूस हे थंड हवेचे पीक आहे. ऊन तापले की त्याला तुरा फुटतो आणि पाने कडवट होतात, म्हणून चैत्र-वैशाखात जे मिळते ते लांबून आणलेले किंवा आच्छादनाखाली वाढवलेले, आणि अर्थात महाग. ज्या दिवसांत कोवळी कैरी, उन्हाळी काकडी आणि पांढरा कांदा दाराशी येतो, त्या दिवसांत त्या मरगळलेल्या पानांसाठी पैसे मोजण्याचे प्रयोजन आम्हांस तरी दिसत नाही.

आधी पाण्याचा हिशेब

कोशिंबिरीचा सारा मामला पाण्याचा आहे. काकडीत वजनाने सुमारे ९५ टक्के पाणी असते. मीठ लागले की ते पाणी पेशींतून बाहेर ओढले जाते. आणि ते कधी बाहेर यावे, पातेल्यात यावे की पानात, एवढेच ठरवणे आपल्या हाती असते. म्हणून भाजी हाती घेतल्यावर कृतीचे पुस्तक उघडण्यापूर्वी ती पुढील तीनपैकी कोणत्या वर्गात बसते हे पाहावे, म्हणजे पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

- पाणीदार : काकडी, टोमॅटो, कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा गर. यांना आधी मीठ लावून पाणी काढून घ्यावे, किंवा मीठ अगदी वाढतेवेळी घालावे. मधला मार्ग नाही. टोमॅटोच्या बाबतीत बिया व भोवतीचा रस काढून टाकला तरी काम भागते.
- घट्ट : कैरी, गाजर, बीट, कोबी. यांना मीठ आधी लागलेलेच बरे. पंधरा-वीस मिनिटांत त्या नरम पडतात आणि चव आत मुरते.
- पाने : मेथी, कांद्याची पात, पुदिना, कोथिंबीर. यांना मीठ आणि आंबट शेवटच्या क्षणी. अन्यथा पाने काळवंडून चिखल होतो.

मंडईत काय पाहावे

ऋतू पालटण्याच्या या काळात हिवाळ्याचा उरलेला माल आणि उन्हाळ्याचा नवा माल एकाच पाटीत शेजारी बसलेला असतो, व दर पाहून खरेदी करणाऱ्याची फसगत बहुधा तेथेच होते. मुळा चैत्रात जरठ होतो; नखाने टोचून पाहिल्यास आत धागे लागतात, आणि अशा मुळ्याची पचडी कितीही लिंबू पिळले तरी चोथाच राहते. त्यापेक्षा त्याचा कोवळा पाला मिळाला तर घ्यावा. लाल गाजराचा हंगाम संपत आलेला असतो. मधला दांडा पिवळट व कठीण झालेला असेल तर तो काढून केवळ बाहेरचा लाल भाग किसावा.

काकडी घेताना लांबीपेक्षा जाडीकडे पाहावे. मध्ये फुगलेली, पिवळसर छटा आलेली काकडी म्हणजे आत बी धरलेली काकडी. सडपातळ, टणक, देठ ताजे असलेली तीच कोशिंबिरीची. कैरी मात्र आपल्या बेताप्रमाणे निवडावी: किसासाठी मोठी, भरपूर गराची राजापुरी, कच्च्या फोडी चावून खायच्या असतील तर कमी आंबट तोतापुरी, आणि वाटल्या डाळीसाठी रायवळ, कारण तिची तिखट आंबटाई डाळीच्या मवाळपणाला पुरून उरते. कैरी कापल्यावर बाठ सुरीने सहज चिरली गेली तर ती कोवळी. बाठ कठीण झाली असेल तर गर लवकरच गोडाकडे वळणार, आणि अशी कैरी कोशिंबिरीपेक्षा पन्ह्याच्या कामी लावावी.

कांद्याविषयी एक शिफारस आम्ही पक्षपाताने करतो. अलिबागच्या परिसरात भाताच्या कापणीनंतर त्याच जमिनीत लावला जाणारा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वेण्यांसारख्या माळा गुंफून विकला जाणारा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तो कच्चा खाण्यासाठी जणू राखूनच ठेवलेला आहे: त्याला तिखटपणा बेताचा आणि गोडी स्पष्ट. माळ घेताना मधले दोन कांदे दाबून पाहावेत. बाहेरचे दर्शनी नेहमीच चांगले असतात.

तराजू, रंग आणि आपले हक्क

पाव किलो काकडीसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून आपण जे सोडून देतो त्याची बेरीज हंगामाअखेर लहान नसते. पुढील बाबी ध्यानात असाव्यात.

1. वजन. वैधमापन अधिनियम, २००९ अन्वये व्यापारात प्रमाणित वजनमापांखेरीज अन्य काही वापरणे गुन्हा आहे. दगड, विटेचा तुकडा किंवा जुनी बॅटरी ही वजने नव्हेत. प्रत्येक वजनावर आणि तराजूवर पडताळणीचा शिक्का असावा लागतो व तो पाहण्यास मागणे यात काही अनुचित नाही. तागडीला पासंग आहे की काय हे रिकामी पारडी उचलून पाहिल्यास कळते. विजेच्या काट्यावर माल ठेवण्यापूर्वी शून्य दिसते आहे ना, हे पाहावे.
2. रंग. ताज्या भाजीला वरून रंग लावण्यास कायद्याने मनाई आहे. हिरवी मिरची किंवा काकडी अस्वाभाविक चकचकीत दिसली तर पातळ पॅराफिनात बुडवलेला कापसाचा बोळा सालीवर घासावा; बोळा हिरवा झाला तर माल संशयास्पद समजावा.
3. तपासणी. अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० अन्वये सामान्य ग्राहकालाही विहित शुल्क भरून खाद्यपदार्थाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो व माल नियमबाह्य ठरल्यास ते शुल्क परत मिळण्याचा हक्क असतो. अट एकच, पण ती बहुतेकांना ठाऊक नसते: आपला तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास सांगावा लागतो. घरी येऊन, रात्री विचार करून, दुसऱ्या दिवशी सांगितल्यास हा मार्ग बंद झालेला असतो.
4. तक्रार. वजनमापाची तक्रार वैधमापन यंत्रणेकडे, भेसळीची अन्न व औषध प्रशासनाकडे; कोठे जावे हे उमगत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर विचारता येते. विक्रेत्याचे ठिकाण, तारीख व वेळ लिहून ठेवावी, आणि पावती मिळत असेल तर ती टाकू नये.

येथे एक अपवाद नमूद करणे न्यायाचे होईल. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेली भाजी जोवर त्याच्याच हाती आहे, तोवर ती वरील अन्नकायद्याच्या व्याख्येत येत नाही; ती व्यापाऱ्याच्या हाती गेली की येते. तराजूचा कायदा मात्र दोघांनाही सारखाच.

धुण्याची रीत

काकडी, कैरी, गाजर ही वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावीत, आणि सोलायची असली तरी सोलण्यापूर्वी धुवावीत, कारण सालीवरची माती सुरीबरोबर गरात उतरते. साबण किंवा भांड्यांची पावडर कदापि वापरू नये. पालेभाजीसाठी मोठे पातेले भरून पाणी घ्यावे, जुडी सोडून पाने त्यात बुडवून हलवावीत, दोन मिनिटे स्थिर ठेवावीत आणि मग पाने वर उचलून घ्यावीत. पातेले चाळणीत ओतू नये, कारण तळाशी बसलेली रेती पुन्हा पानांवरच येते. पाणी स्वच्छ राहीपर्यंत ही आवृत्ती करावी व नंतर पाने पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. ओल्या पानांची कोशिंबीर म्हणजे पुन्हा पाण्याचीच तक्रार.

काकडी : चोचवावी की किसावी?

किसणीने काकडीच्या पेशी फाटतात आणि लगदा होतो. चोचवलेल्या काकडीचे कण सुटे राहतात व दाताखाली लागतात. म्हणून वेळ असेल तर चोचवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. काकडी सोलून डाव्या हातात उभी धरावी, धारदार सुरीने टोकाकडून लांबीच्या दिशेने खोल, जवळजवळ चिरा पाडत काकडी हातात फिरवत जावे, आणि मग त्या चिरलेल्या भागाचे आडवे, अगदी पातळ काप परातीत पाडावेत. पहिल्या दोन-तीन काकड्यांना वेळ लागेल. नंतर हात बसतो. बोटे सुरीच्या वाटेत येऊ देऊ नयेत, आणि लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

पण चिरण्यापूर्वी चाखणे आवश्यक. काकडीचा कडूपणा मुख्यतः देठाकडच्या भागात आणि सालीलगत साठतो आणि उन्हाच्या व पाण्याच्या ताणाने वाढतो. देठाकडचा तुकडा कापून तो कापलेल्या भागावर घासण्याचा जुना शिरस्ता आहे. त्याने फेस निघतो हे खरे, परंतु जो काही गुण येतो तो तुकडा काढल्यामुळे व साल थोडी जाड सोलल्यामुळे येतो, असे आम्हांस वाटते. इतके करूनही काकडी कडू लागली तर ती सबंध टाकून द्यावी. साखर घालून तो कडूपणा दडपण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण कडू द्रव्य पोटाला अपायकारक असते आणि साखरेने ते नाहीसे होत नाही.

पाव किलो चोचवलेल्या काकडीला अर्धा लहान चमचा मीठ लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी, नंतर मुठीत घेऊन हलके पिळावी. हलके म्हणजे पाणी ठिबकणे थांबेपर्यंत; त्यापुढे पिळली तर काकडीचे गवत होते. सुटलेले पाणी खारट असते, म्हणून ते ताकात किंवा थालीपिठाच्या पिठात घालावे आणि तेथले मीठ त्या बेताने कमी करावे. पिळलेल्या काकडीत दाण्याचे कूट, ओले खोबरे, बारीक हिरवी मिरची, चिमूटभर साखर आणि लिंबाचा रस घालून वरून फोडणी दिली की खमंग काकडी तयार. रामनवमीचा उपवास असेल तर फोडणी तूप-जिऱ्याची. कोथिंबीर चालते की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, त्यात आम्ही पडत नाही.

कैरी : दोन वाटा

कैरीचा देठ तोडला की चीक बाहेर येतो. तो ओठांना व त्वचेला लागल्यास चुरचुरते आणि पुरळही उठते. देठाकडचा भाग कापून कैरी काही वेळ पाण्यात बुडवून ठेवावी, मग पुसून सोलावी. कैरीचा पदार्थ कल्हई गेलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, ॲल्युमिनियमच्याही नको. आम्लाने धातू उतरतो. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील ठीक.

पहिली वाट सोपी: कैरी किसून, कांदा बारीक चिरून, गूळ, तिखट, मीठ आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. काही भागांत हिलाच टक्कू म्हणतात. गुळाचे ठरावीक प्रमाण सांगणे व्यर्थ आहे, कारण दोन कैऱ्यांची आंबटाई सारखी नसते. कैरीच्या किसाच्या निम्म्याने गूळ घालून आरंभ करावा, दहा मिनिटे थांबावे, मग चाखून वाढवावा. दात आंबवणारी कैरी असेल तर गूळ वाढवत बसण्यापेक्षा कांदा दुप्पट करावा किंवा ओले खोबरे घालावे.

दुसरी वाट वाटल्या डाळीची, जी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर दिली जाते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हे हळदीकुंकू चालते, आणि याच महिनाभरात डाळ बिघडल्याच्या तक्रारीही येतात. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवावी, चाळणीत पूर्ण निथळावी, आणि पाणी न घालता भरड वाटावी. थोडी डाळ अर्धवट अखंड राहिली तर बिघडत नाही, पीठ झाले तर मात्र बिघडले. मिक्सर सलग फिरवू नये, थांबत थांबत फिरवावा. त्यात पाव ते अर्धी वाटी कैरीचा कीस, हिरवी मिरची, ओले खोबरे, मीठ आणि किंचित साखर, आणि वर हिंग, हळद, कढीपत्ता, सुकी मिरची यांची फोडणी थोडी सढळ हाताने. ही डाळ कच्ची असते, म्हणून पोटाला जड. वाटीभर नव्हे, चमच्या-दोन चमच्यांनीच वाढायची. हळदीकुंकू सायंकाळी असेल तर डाळ सकाळी वाटून ठेवू नये. भिजवून निथळलेली डाळ शीतकपाटात ठेवावी आणि वाटणे, कालवणे पाहुणे येण्याच्या सुमारास करावे.

घोळाणा

ज्यांना पानांचेच सॅलड हवे असते त्यांनी खानदेश-मराठवाड्याकडचा घोळाणा करून पाहावा, ही आमची आग्रहाची सूचना. कोवळी मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरावी, त्यात कांदा, दाण्याचे जाडसर कूट, तिखट आणि मीठ घालून वरून कच्चे तेल सोडावे आणि हातानेच हलके कालवावे. मेथी कडू लागत असेल तर टोमॅटो घालावा. भाकरी ताटात पडल्यावरच कालवायला घ्यावे. यापलीकडे त्यात काही नाही, आणि यापलीकडे काही घालूही नये.

कालवण्याचा क्रम

दह्यातली कोशिंबीर असो की बिनदह्याची, पुढील क्रम मोडला की पदार्थ बिघडतो.

1. भाजी चिरून, लागत असल्यास मीठ लावून, पिळून घ्यावी.
2. फोडणी करून बाजूला निववावी. कढत फोडणी दह्यावर ओतल्यानेच दही फाटते.
3. दही आंबट नसावे व पातळही नसावे; पातळ असेल तर स्वच्छ फडक्यात अर्धा तास टांगावे.
4. दाण्याचे कूट वाढण्याच्या आधी पाच मिनिटे घालावे. ते पाणी शोषते, म्हणून लवकर घातले तर कोशिंबीर गोळा होते आणि उशिरा घातले तर चव लागत नाही. उन्हाळ्यात कूट लवकर खवट होते. वास घेऊन पाहावे, आणि बुरशी दिसलेले दाणे भाजून वापरण्याचा विचारही करू नये.
5. मीठ चाखून शेवटी. पहिल्या मिठातला काही भाग भाजीत राहिलेला असतो, हे रक्तदाबाच्या रुग्णांसाठी रांधणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

मोड कच्चे की वाफवलेले?

मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल रोगजंतूंनाही तितकीच मानवते. वरून धुतल्याने ते जात नाहीत. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी मोड वाफवूनच घ्यावेत. इतरांनीही उन्हाळ्यात तसेच करावे हे बरे. वाफवून पूर्ण निवल्यावर कांदा-कैरीत मिसळावेत. चिकट झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड वाफवूनही उपयोगाचे नाहीत.

किती वेळ ठेवावी, उरली तर काय करावे

चिरलेली व कालवलेली कोशिंबीर उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेली असेल, आणि चैत्र-वैशाखात देशावर ती जातेच, तर तासाभरातच संपवावी किंवा शीतकपाटात टाकावी. डब्यात न्यायची असेल तर चिरलेली भाजी एका डबीत, कूट-मीठ दुसऱ्या डबीत, आणि दही नेऊच नये. लिंबाची फोड न्यावी. रस्त्यावर कापून मांडलेली काकडी-कलिंगडे ज्या पाण्याने शिंपडली जातात ते पाणी कोठून येते हे विचारून पाहावे, म्हणजे घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय आपोआप होईल.

वेळेत शीतकपाटात ठेवलेली बिनदह्याची काकडी उरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाजणीत मळून तिचे थालीपीठ लावावे. सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजते, वेगळे पाणी बेतानेच लागते. कैरीचा टक्कू काचेच्या बरणीत, शीतकपाटात, कोरड्या चमच्याने काढत गेल्यास दोन दिवस चांगला राहतो. दह्यातली उरली असेल तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नये. आणि वाटली डाळ उरली तर त्याच संध्याकाळी तव्यावर थोड्या तेलात परतून घ्यावी, पोळीबरोबर ती भाजीसारखी खपते.